सासूबाईंना लागू न पडलेलं औषध

मला दमा आहे हे लग्न ठरताना सासरी सांगितलं नव्हतं. माझं माहेर खारबावचं. भिवंडीपासून फार लांब नाही, पण ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर खारबाव म्हणजे भाताची खाचरं, खाडी आणि मोजक्याच गाड्या थांबणारं स्टेशन. भात झोडायचे दिवस आले की लहानपणापासून माझी छाती भरून यायची. आधी शिंका, मग डोळे लाल आणि मग छातीत मांजर घुरघुरल्यासारखा आवाज. सगळ्या आळीला ते माहीत होतं. स्थळ आलं तेव्हा आईने मला मागच्या पडवीत नेलं आणि हळूच म्हणाली, "दम्याचा कुनाला बोलू नको, बाय. पोरगा चांगला हाय, नोकरीला हाय. कलंल तवा कलंल."

ते कळायला फार दिवस लागले नाहीत.

सासरचं घर निजामपुऱ्याच्या कडेला, पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचं. खाली आणि शेजारी यंत्रमाग. दिवसभर खटखट, खटखट, आणि त्या आवाजाची घरातल्या सगळ्यांना इतकी सवय की बोलताना ते आपोआप आवाज चढवून बोलायचे. शुक्रवारी माग बंद असायचे. त्या दिवशी आपण एकमेकांवर ओरडतोय असं वाटायचं. घरात माणसं तीनच. माझे यजमान नगरपालिकेत कारकून. सासरे तर यजमान शाळेत असतानाच वारलेले. मोठे दीर ठाण्याला वेगळे राहायचे. आणि सासूबाई. सडपातळ, गोऱ्या, कमी बोलणाऱ्या. पहिल्या आठवड्यात मला त्यांची भीतीच वाटायची.

लग्नानंतर थोड्याच दिवसांनी माळ्यावरच्या गोधड्या उन्हात घालायला मी खाली काढल्या. धुळीचा लोट अंगावर आला आणि मला कळलं, आता होणार. मी मोरीत गेले, कडी लावली, नळ सोडला आणि भिंतीला टेकून उभी राहिले. नळाच्या आवाजात माझा आवाज लपेल असं वाटलं होतं.

दारावर थाप पडली. "कडी काढ," सासूबाई म्हणाल्या.

मी काढली. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. हात धरून मला बाहेर आणलं, स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, "पुढे वाक. कोपर गुडघ्यांवर ठेव. आता शीळ घालतात तसे ओठ करून हळूहळू श्वास सोड. घ्यायची घाई करू नको, सोडायचं बघ." मग आपल्या डब्यातली एक गोळी दिली, बिनदुधाचा कडक चहा दिला आणि समोर बसून राहिल्या. मला बोलता येऊ लागलं तेव्हा त्यांनी विचारलं, "कधीपासून आहे?"

"लहानपणापासून."

"मला कांड्या भरायला लागल्यापासून," त्या म्हणाल्या.

त्यांनाही दमा होता. सासरे गेल्यावर दोन्ही मुलांना शिकवायचं म्हणून त्यांनी घरी कांड्या भरायचं काम घेतलं होतं. मागाच्या धोट्यात जी छोटी नळी बसते तिच्यावर सूत गुंडाळायचं. सूत चाकावर फिरताना त्याचे तंतू उडतात. केसांवर, भुवयांवर, नाकात बसतात. मुलं नोकरीला लागली तेव्हा त्यांनी ते काम सोडलं, पण तोवर छाती धरली होती.

मी रडकुंडीला येऊन विचारलं, "आई, आधी सांगितलं असतं तर?"

"तर मी नाही म्हटलं असतं," त्या सरळ म्हणाल्या. "घरात एक दमेकरीण पुरे होती." आणि माझा रिकामा कप उचलत, "बरं झालं नाही सांगितलंत."

संध्याकाळी हे कचेरीतून आले तेव्हा त्यांच्या हातात चहाचा कप देत त्या म्हणाल्या, "हिला माझ्यासारखाच त्रास आहे. झाडलोट आणि जळमटं आजपासून तुझ्याकडे." यांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि "बरं" म्हणाले. एवढ्यावर तो विषय संपला. मी मात्र कितीतरी दिवस कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून वाट पाहत होते.

पुढची काही वर्षं आम्ही दोघींनी दमा एकत्र काढला, असंच म्हणायला हवं. अडुळशाचा रस, वाफ, राईच्या तेलात मीठ घालून छातीला चोळणं, कोजागिरीच्या रात्री खिरीतून घ्यायची औषधं, सगळं बरोबर केलं. दोघींच्या दम्याने एकाच वेळी जोर धरला की हे भात लावायचे आणि तळमजल्यावरच्या खाला वरण पाठवायच्या. खाला म्हणजे मावशी; खालच्या मागवाल्यांच्या आईला सगळे तसंच म्हणायचे. सासूबाईंच्याच वयाच्या. सासूबाई त्यांच्याशी मराठीत बोलायच्या, त्या हिंदीत उत्तर द्यायच्या, आणि दोघींना त्यात काही वावगं वाटायचं नाही.

एकत्र राहिल्यामुळे एक गोष्ट माझ्या लक्षात यायची, पण तिचा अर्थ मला लागत नव्हता. आमचा त्रास दिसायला सारखा होता, पण वागायला सारखा नव्हता. माझा दमा यायचा तसा जायचा. आठवडाभर धुमाकूळ घालायचा आणि मग मी अशी मोकळी की काही झालंच नव्हतं. त्यांचा कधी पूर्ण जायचा नाही. मला आधी शिंका यायच्या, त्यांना कधीच नाही. मला मांजर चालायचं नाही, गोधडी चालायची नाही, पराग चालायचे नाहीत. त्यांना सर्दी झाली की महिना जायचा. आम्ही दोघी मात्र आमच्या आजाराला एकच नाव द्यायचो, आणि डॉक्टरही तेच द्यायचे.

माझी मुलगी झाली त्यानंतरच्या हिवाळ्यात मला लागोपाठ झटके आले. तिला कडेवर घेऊन जिना चढता येईना. शाळेत मी पहिलीला शिकवायचे, तिथे फळ्याजवळ उभं राहून बोलता येईना. आमचे नेहमीचे डॉक्टर निजामपुऱ्यातच बसायचे. त्यांनी एक दिवस आम्हा दोघींना समोर बसवून दोन पंप टेबलावर ठेवले. एक निळा, एक तपकिरी.

"निळा लगेच काम करतो," ते म्हणाले. "आवळलेली नळी मोकळी करतो, पण तेवढ्यापुरताच. दम्यात श्वासनळीला आतून सूज असते. ती सूज तपकिरी उतरवतो. त्याचं काम दिसत नाही, म्हणून लोक सोडून देतात. तुम्ही रोज घ्यायचा, त्रास असो नसो."

तेव्हा पंपाची फार भीती होती. पंप लागला की सुटत नाही, पंप म्हणजे शेवट, असं लोक सर्रास म्हणायचे. पंप घेणाऱ्या मुलीचं लग्न जमत नाही, असंही. त्यात औषध स्टेरॉइडचं. हे जरा घुटमळले. सासूबाईंनीच निर्णय घेतला. "दोघी घेऊ," त्या म्हणाल्या. "काही झालं तर दोघींना होईल."

आम्ही दोघी सकाळ-संध्याकाळ खिडकीजवळ उभ्या राहून पंप घ्यायचो. श्वास पूर्ण सोडायचा, पंप तोंडात धरायचा, दाबताना सावकाश आत ओढायचं, रोखून धरायचं. मग चूळ भरायची. मला ते नीट जमायला वेळ लागला. निम्मं औषध जिभेवरच बसायचं. सासूबाईंना पहिल्याच दिवशी जमलं.

आणि मी बरी झाले. इतक्या साधेपणाने झाले की मला कळलंही नाही. एका दुपारी बाजारातून पिशव्या घेऊन आले, जिना चढले, कुलूप काढलं, आणि आत आल्यावर लक्षात आलं की मी मध्ये कुठे थांबलेच नाही. मुलीला झोपवताना मी गाणं म्हणू लागले. आधी एक कडवं म्हणून गप्प बसायचे, आता सगळं म्हणायचे. सासूबाई कधी कधी माझ्या पाठीला कान लावायच्या. "काही वाजत नाही," म्हणायच्या, आणि त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू त्यांनाच बरं वाटतंय.

त्यांना मात्र काही फरक पडला नाही.

पहिल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, वेळ लागतो. मग त्यांनी मात्रा वाढवली. मग स्वतःसमोर पंप घ्यायला लावला, त्यांची पद्धत पाहिली आणि मान हलवली. "यात काही चूक नाही." मग स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. त्याने थोडे दिवस थोडं बरं वाटल्यासारखं झालं, की त्यांनी तसं नुसतंच सांगितलं, मला आजही ठरवता येत नाही. पण चेहरा सुजला, रात्रीची झोप गेली, लघवीत साखर दिसू लागली. छाती तशीच.

हे सगळं होत असताना घरात हळूहळू एक वेगळीच गोष्ट सुरू झाली होती. माणूस आजारी असतो तोवर सगळे त्याची कीव करतात. पण औषध आलं, ते औषध शेजारच्या माणसाला लागू पडलं, आणि तरी हा माणूस बरा होत नाही, असं झालं की लोक औषधाकडे बघत नाहीत, माणसाकडे बघतात. आमच्याकडे तेच झालं. कुणी वाईट नव्हतं. मोठे दीर तर आईवर जीव टाकणारे. दर रविवारी ठाण्याहून यायचे, फळं आणायचे. पण येऊन पहिला प्रश्न विचारायचे तो, "आई, पंप घेतेस ना?"

"घेते."

"रोज?"

"रोज घेते रे."

मग ते माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचे, "भावोजी, माझ्यासमोर घेतात." तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही. एका रविवारी जेवताना ते म्हणाले, "अगं, तेच औषध, तोच डॉक्टर, एकच घर. ही ठणठणीत झाली. मग तुलाच कसं होत नाही? तू मनातून ठरवूनच बसली आहेस की मला बरं वाटणार नाही."

सासूबाईंनी ताटातला घास खाल्ला, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "असेल."

त्यानंतरच्या काही दिवसांत त्या बऱ्या दिसू लागल्या. दुपारी खोकायच्या नाहीत. "आज हलकं वाटतंय," म्हणायच्या. आणि रोज दुपारची जेवणं झाली की खाली खालांकडे जाऊन बसायच्या. "घरात बसून बसून कंटाळा येतो," असं कारण सांगायच्या. माझी सकाळची शाळा. मी घरी येईपर्यंत त्या खाली गेलेल्या असायच्या, त्या चहाच्या वेळी वर यायच्या. भावोजींना आनंद झाला. यांनाही. मलाही झाला, खोटं कशाला बोलू.

मग एक शुक्रवार आला. शाळेला सुट्टी होती, माग बंद होते. सासूबाई नेहमीप्रमाणे खाली गेल्या. मुलीची बाहुली अंगणात पडली म्हणून मी उतरले, आणि मागांच्या खोलीवरून जाताना आतून तो आवाज ऐकला. तो आवाज मला कोणत्याही गर्दीत ओळखता आला असता, तिथे तर सगळीकडे सामसूम होती.

दार लोटलेलं होतं. बंद मागांच्या मधल्या जागेत लाकडी खोक्यावर सासूबाई बसल्या होत्या, कोपर गुडघ्यांवर टेकून, ओठ शिळेसारखे करून. खाला शेजारी उभ्या राहून त्यांच्या पाठीवर हात फिरवत होत्या. मला बघून खाला म्हणाल्या, "रोज यहीं बैठती है, बेटी. मैंने बहुत कहा, ऊपर बहू को बता. बोलती है, मशीन के शोर में किसी को सुनाई नहीं देता."

रोज दुपारी त्या श्वास लपवायला मागांच्या आवाजात जाऊन बसत होत्या. जिथे हवेत कापसाचे तंतू तरंगतात, तिथे. त्या दिवशी शुक्रवार आहे हे त्यांच्या ध्यानात होतं, पण वर मी घरी होते, म्हणून तरीही त्या खालीच आल्या होत्या.

त्यांना निळा पंप दिला, थोड्या वेळाने धरून वर आणलं. त्या स्टुलावर बसल्या, मी समोर जमिनीवर. दम बसल्यावर त्याच म्हणाल्या, "सगळ्यांना मी बरी व्हायला हवी आहे. मग मी काय करू? मी मुद्दाम आजारी आहे का?"

"नाही, आई."

"तू बरी झालीस त्याचं मला वाईट वाटतं असं कुणी समजू नये. तुझ्यासाठी मी देवापुढे साखर ठेवली होती. पण तुझ्याकडे बोट दाखवून मला विचारतात ना, तेव्हा मला तोंड लपवावंसं वाटतं."

त्या संध्याकाळी यांना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनीही काही आढेवेढे घेतले नाहीत. "माझं जेवढं होतं तेवढं करून झालं," ते म्हणाले. "ठाण्याला छातीच्या डॉक्टर आहेत एक बाई. त्यांना दाखवा. आणि हे सगळं त्यांना सांगा, काही वगळू नका." भावोजींनी वेळ घेतली आणि आम्हाला न्यायला स्वतः भिवंडीला आले.

ठाण्याच्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या. चष्मा नाकावर, आवाज शिक्षिकेसारखा. त्यांनी सासूबाईंना आधी काही तपासलंच नाही. नुसतं विचारत राहिल्या. त्रास कधी सुरू झाला, तेव्हा काय काम करत होता, स्वयंपाक कशावर करायचा, शिंका येतात का, अंगावर पित्त उठतं का, माहेरी कुणाला होता का, अंगदुखीची कुठली गोळी घेतल्यावर दम वाढतो का. मग एका नळीत जोराने फुंकर मारायला लावली, औषध देऊन परत मारायला लावली. बेडका तपासायला घेतला आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं.

पुढच्या वेळी आत सासूबाई आणि मी अशा दोघीच गेलो. भावोजी बाहेर बाकावर बसले.

"तुम्हाला मी एक विचारते," डॉक्टर सासूबाईंना म्हणाल्या. "मलेरियात ताप येतो. टायफॉइडमध्येही ताप येतो. कपाळाला हात लावला तर दोन्हीकडे सारखंच गरम लागतं. पण दोघांना एकच औषध देऊन भागेल का?"

"नाही."

"दम्याचं तसंच आहे. छाती आवळते, दम लागतो, घरघर होते, त्या सगळ्याला आपण दमा म्हणतो. पण आतली सूज प्रत्येकाची एकाच प्रकारची नसते. तुमच्या सुनेचा दमा लहानपणापासूनचा, ॲलर्जीचा. तिच्या नळ्यांत जी सूज येते ती विशिष्ट प्रकारच्या पेशींमुळे येते. आपल्या रक्तातल्याच पांढऱ्या पेशी असतात त्या. तपकिरी पंपातलं औषध नेमकं त्या पेशींना गप्प करतं. म्हणून ती बरी झाली. तुमच्या बेडक्यात त्या पेशी जवळजवळ नाहीत. दुसऱ्याच आहेत, जंतूंशी किंवा धुराधुळीशी लढायला धावून येतात तशा. त्यांच्यावर या औषधाचा फारसा परिणाम होत नाही."

मी विचारलं, "औषध चालू असल्यामुळे त्या पेशी दिसत नसतील असं नाही का?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बरोबर विचारलंत. तसं होतं कधी कधी. पण मग ह्यांना बरं वाटायला हवं होतं ना? पेशी गेल्या आणि दमा राहिला, असं झालंय. शिवाय इतकी वर्षं सूतधूळ गेली आहे आत. नळ्यांच्या भिंती जाड होतात. सूज उतरवता येते, जाड झालेली भिंत पातळ करता येत नाही. ह्यातलं किती कशामुळे, ते मला नक्की सांगता येणार नाही. आम्हालाच अजून सगळं माहीत नाही."

सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे पंप घेण्यात माझं काही चुकत नव्हतं?"

"अजिबात नाही."

"आणि मनाचं पण काही नाही?"

"मनाचं काय असणार? इतके दिवस लागू न पडणारं औषध नियमाने घेणाऱ्या बाईच्या मनाला मी काय नावं ठेवू?"

सासूबाईंनी बोटाला गुंडाळलेला पदर सोडवला. मग म्हणाल्या, "बाहेर माझा मोठा मुलगा बसलाय. त्याला आत बोलावून हे परत सांगाल का? मी सांगितलं तर त्याला पटायचं नाही."

डॉक्टरांनी भावोजींना आत बोलावलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं, तापाच्या उदाहरणासकट. भावोजी उभ्या उभ्याच ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी खुर्ची ओढली आणि आईच्या शेजारी बसले. म्हणाले, "मला वाटलं, तू घेत नाहीस."

"मलाही वाटायला लागलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या हळूहळू कमी करत आणल्या. एकदम थांबवायच्या नाहीत हे तीनतीनदा बजावलं. नळ्या मोकळ्या ठेवणारी दुसरी औषधं दिली, सर्दी झाल्याबरोबर काय करायचं ते सांगितलं. आणि म्हणाल्या, "पण माझं पहिलं औषध वेगळंच आहे. ह्यांना त्या मागांपासून लांब न्या. महिना-दोन महिने तरी. मग बघू."

आता लांब म्हणजे कुठे? भावोजींचं घर ठाण्यात, पण खिडकीखालीच गाड्यांचा धूर. यांच्या एका मित्राची भिवंडीबाहेर वळ गावात खोली होती, पण तिथे सोबतीला कोण राहणार? मीच म्हटलं, "खारबावला न्यावं का?" हे म्हणाले, "आई विहिणीच्या घरी राहील?" त्या काळी मुलाच्या आईने सुनेच्या माहेरी जाऊन राहणं म्हणजे लोकांना बोलायला विषय. सासूबाई म्हणाल्या, "मला श्वास घ्यायचाय. लोकांना बोलू दे."

खरी घाबरली ती माझी आई. मी निरोप घेऊन गेले तर चुलीपुढून उठेना. "येऊ दे, जागा हाय, न्हाय कोन बोलतो," ती म्हणाली. "पन मी त्यांना तोंड कसा दावू? तुझा दमा लपवला ना मी."

सासूबाई आल्या त्या दिवशी आईने अंगण सारवून ठेवलं होतं. चहा झाला, बोलणं होईना. शेवटी आईनेच मान खाली घालून सुरुवात केली. "विहीणबाई, तवा मी तुमाला खरा सांगला न्हाय. पोरीला दमा व्हता."

"ते जाऊ द्या," सासूबाई म्हणाल्या. "मला दमा आहे हे आम्ही तरी तुम्हाला कुठे सांगितलं होतं?"

आई त्यांच्याकडे बघत राहिली. आणि मग तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिलाच ठसका लागला. हे माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. आजारी सासूची सेवा करावी लागेल म्हणून मुलगी द्यायला लोक का-कू करतात, म्हणून सासरकडूनही ते झाकलं गेलं होतं.

महिन्याभरासाठी गेलेल्या सासूबाई तिथे वर्षातला बराचसा काळ राहू लागल्या. त्या दोघींची चांगली गट्टी जमली. आई त्यांना चुलीजवळ फिरकू द्यायची नाही. सासूबाई तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या. आम्ही सुट्टीला जायचो. मोजक्या गाड्यांमुळे स्टेशनवर ताटकळायला लागायचं, पण मुलीला ती वाट बघणंच आवडायचं. भात झोडायच्या दिवसांत मात्र मी जायचं टाळायचे. आणि गंमत अशी की ज्या पेंढ्याच्या धुळीने माझा जीव जायचा, त्याच धुळीत सासूबाई खळ्याच्या कडेला घोंगडी टाकून बसायच्या आणि त्यांना शिंकसुद्धा यायची नाही. आई म्हणायची, "ह्यांचा दमाच येगला हाय." ती हे अगदी सहज बोलून जायची. डॉक्टरांनी मला तेच सांगायला कितीतरी वेळ घेतला होता.

त्या पूर्ण बऱ्या झाल्या असं मी सांगणार नाही. थंडीतली प्रत्येक सर्दी त्यांना आडवी करायची. एकदा ठाण्याला दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा आम्ही आशाच सोडली होती. पण चेहऱ्याची सूज गेली, साखर उतरली, झोप परत आली. सकाळी त्या एकट्या तळ्यापर्यंत चालत जायच्या, मध्ये थांबत थांबत. आणि त्यांना दम लागला की त्या आता कुठेही लपायला जात नव्हत्या. चारचौघांत बसल्या जागी पुढे वाकायच्या, ओठ शिळेसारखे करायच्या, आणि समोरचा माणूस थांबायचा.

भावोजींनी पंपाचं परत कधी विचारलं नाही. ते खारबावला आले की आपल्या आईशेजारी ओट्यावर बसायचे. तिला दम लागला की बोलता बोलता थांबायचे आणि तिचा श्वास खाली बसला की जिथे थांबले होते तिथून पुढे बोलायचे. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे आम्ही त्यांना ठाण्याला शेवटचं दाखवायला नेलं. शेवटचं ते ठरेल हे तेव्हा माहीत नव्हतं. त्या पुढच्याच उन्हाळ्यात गेल्या, हृदयाने, दुपारच्या झोपेत. डॉक्टरांचे केस तोवर बरेच पांढरे झाले होते. त्यांनी नेहमीसारखी फुंकर मारायला लावली, आकडा पाहिला आणि विचारलं, "पहिल्यांदा माझ्याकडे आलात त्या मानाने किती फरक वाटतो?"

सासूबाईंनी विचार केला. "निम्मा."

भावोजी शेजारी होते. ते म्हणाले, "डॉक्टर, आता नवी औषधं आली असतील ना? निम्माच का?"

"येतायत," डॉक्टर म्हणाल्या. "ह्यांच्यासारख्यांसाठी नेमकं असं अजून आलेलं नाही. येईल."

"निम्मा पुष्कळ आहे रे," सासूबाई म्हणाल्या आणि खुर्चीच्या हातावर भार देऊन उठल्या. "चल, गाडी चुकेल."